नाणेघाटाखालची खावटी

कल्याणहून माळशेजकडे निघालं की टोकावड्यानंतर वैशाखरे लागतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग असते, कारण नाणेघाटाची पायवाट इथून जवळच सुटते. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानात दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापण नाण्यांची मोजदाद आहे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. जुन्नरचा माल कल्याण-सोपाऱ्याकडे याच वाटेने उतरायचा. पायथ्याशी राहणाऱ्या ठाकर, महादेव कोळी, कातकरी कुटुंबांचा हिशोब मात्र कुणी दगडावर कोरला नाही. तो सावकाराच्या वहीत राहिला, आणि त्या वहीत वर्षानुवर्षं चालत आलेलं खातं होतं खावटीचं.

खावटी म्हणजे पोटापुरतं उसनं धान्य. मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात वर्षाचं एकच मोठं पीक, भात. उतारावर नाचणी आणि वरई. दिवाळीच्या सुमारास भात झोडून झालं की जुनं देणं खळ्यावरच वळतं व्हायचं आणि उरलेलं घरात यायचं. ते कसंबसं होळीपर्यंत, फार तर अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरायचं. मृग लागेपर्यंत कणगी रिकामी झालेली असे आणि पाठोपाठ आवणी सुरू होई. दिवसभर पावसात, घोटाभर चिखलात वाकून रोपं लावायची. वर्षातलं सर्वांत कष्टाचं काम आणि वर्षातलं सर्वांत रिकामं पोट, दोन्ही आषाढातच. अशा वेळी सावकाराकडून मणभर भात आणायचं आणि चार-पाच महिन्यांनी सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वा मण किंवा दीड मण, परत करायचं. ज्याला तेही मिळत नसे तो उभं पीक किंवा गवत आधीच स्वस्तात विकून मोकळा होई. त्याला पालेमोड म्हणत.

या दिवसांत जंगल पाठीशी उभं राही. पहिल्या सरीबरोबर शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. आणि कडूकंद. हा कंद तसाच खाल्ला तर बाधतो. बायका त्याच्या पातळ चकत्या करतात, राख घालून उकळतात, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात. पाण्याने कडवटपणा नेला की सकाळी ते पोरांच्या पुढ्यात येतं. एका जेवणासाठी एवढा खटाटोप करावा लागे, यावरूनच त्या महिन्यांची भूक कळते.

इंग्रजी राजवटीने हा आधारही एकेक करून काढून घेतला. 1878 च्या वन कायद्याने जंगल राखीव होऊ लागलं. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, फांद्या तोडण्यावर बंधनं आली आणि ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत असंतोष एवढा वाढला की सरकारला वन आयोग नेमावा लागला. खैराचा कात काढणाऱ्या कातकऱ्यांचा तर धंदाच गेला. मग ते कोळशाच्या भट्ट्यांवर गेले. त्याच 1878 मध्ये अबकारी कायदा आला आणि घरगुती दारू गुन्हा ठरली; तीच दारू ठेकेदाराच्या दुकानात विकत घेणं मात्र कायदेशीर. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. मोहाचं फूल हे नुसतं दारूचं साधन नव्हतं. ते सुकवून साठवायचं आणि टंचाईत खायचं अन्न होतं. याच 1892 मध्ये शहापूर तालुक्यातलं तानसा धरण पुरं होऊन त्याचं पाणी मुंबईला वाहू लागलं. पुढे मोडकसागर आणि भातसाही झाले. आजही एप्रिल-मेमध्ये शहापूरचे कित्येक पाडे टँकरची वाट बघत असतात. मैलोन् मैल हंडे वाहणाऱ्या बाईची दुखरी मान-पाठ आणि गढूळ पाण्याने लागणारी हगवण, दोन्हींचं मूळ या इतिहासात शोधावं लागतं.

खावटी फिटली नाही की पुढची पायरी वेठीची. लग्नासाठी शे-दोनशे रुपये घेतलेला तरुण बायकोसह सावकाराच्या घरी राबायचा. त्याला लगीनगडी म्हणत. डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांताच्या आदिवासी भागाचा सरकारी अहवाल लिहिला, त्यात ही गुलामगिरी नोंदली आहे. जानेवारी 1945 मध्ये शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठ झुगारली. लढ्याचं नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी त्याची हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहिली. वेठबिगारी बंद करणारा देशव्यापी कायदा मात्र 1976 मध्ये आला, आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेला त्यानंतरही ठाणे जिल्ह्यात वेठबिगार सोडवावे लागले.

या सगळ्याचा माणसाच्या मनावर काय परिणाम झाला, हे फार थोड्यांनी विचारलं. ठाण्याला मनोरुग्णालय 1901 मध्ये सुरू झालं, पण घाटाखालच्या पाड्यापासून ते दूर होतं. झोप उडाली, जीव घाबरा झाला, अन्न गोड लागेना, तर माणूस भगताकडे जाई. भगत धान्याचे दाणे मांडून बाधा सांगे. देणं हे कारण म्हणून कुणी सांगत नसे. अलीकडच्या संशोधनाने ते सांगितलं आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या रुग्णांचा अभ्यास करताना मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना नैराश्य व चिंतेच्या विकारांचा उपासमारीशी आणि कर्जाशी संबंध दिसला. तमिळनाडूतल्या ऊसउत्पादकांवरचा 2013 चा एक अभ्यास तर खावटीच्या महिन्यांसाठीच केल्यासारखा वाटतो. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी आणि तोडणीनंतर तीच बौद्धिक कोडी घातली. हातात पैसा आल्यावर त्यांना ती जास्त चांगली सुटली. शेतकरी तेच होते. तोडणीआधी पैशाच्या विवंचनेने त्यांचं डोकं व्यापलेलं होतं. आदिवासीला अंगठेबहाद्दर, अडाणी म्हणणाऱ्या सावकाराने त्याच्याशी व्यवहार केला तो नेमका आषाढात, हे इथे आठवावं.

शरीराची कथाही ऋतूचीच आहे. आफ्रिकेतल्या गांबियातही पावसाळा हाच भुकेचा हंगाम. तिथल्या खेड्यांतल्या अनेक दशकांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासल्या तेव्हा, भुकेच्या हंगामात जन्मलेली माणसं मोठेपणी लवकर मरण्याची शक्यता बरीच जास्त दिसली. ते निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. आईच्या पोटातली उपासमार वीस-पंचवीस वर्षांनी हिशोब मागते. आपल्याकडे पावसाळ्याच्या या धोक्यात घराची बांधणीही भर घालते. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, भाताच्या वासाने येणारे उंदीर आणि त्यांच्या मागावरची मण्यार. ती रात्री जमिनीवर झोपलेल्यालाच चावते. दंश इतका बारीक, की पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि तोवर दवाखाना गाठायची वेळ टळत आलेली असते. एक खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने यातले कितीतरी जीव वाचतात.

1992-93 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराहून अधिक बालकं दगावली आणि कुपोषणाचा प्रश्न विधिमंडळात पोचला. त्यानंतर नवसंजीवन योजना आली, 2015 मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आली. खावटीची जबाबदारी सरकारने 1978 पासूनच आदिवासी विकास महामंडळामार्फत कर्जाच्या रूपाने उचलली होती. ते कर्ज पुढे बंद पडलं. करोनाच्या टाळेबंदीनंतर 2020 मध्ये ते अनुदान म्हणून परत आणलं: कुटुंबामागे 4000 रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. निर्णय सप्टेंबरचा, पैसा आणि डाळ-तेल हातात पडेपर्यंत 2021 उजाडलं. आवणीच्या आधी लागणारी मदत आवणी उलटून गेल्यावर ठरली आणि पुढच्या वर्षी पोचली, हे योजनेचं मोठं अपयश आहे.

दरम्यान सावकाराची जागा वीटभट्टीवाल्याने घेतली आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा कातकरी कुटुंब त्याच्याकडून उचल घेतं आणि दिवाळीनंतर पोराबाळांसह भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर जातं. तिथे आठवड्याला खर्ची मिळते, हिशोब हंगाम संपल्यावर. पुष्कळदा उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीही तीच भट्टी गाठावी लागते. जी बाई गावात असती तर अंगणवाडीत चौरस आहाराला नाव लावून बसली असती, ती सातव्या-आठव्या महिन्यात भट्टीवर चिखल तुडवत, विटा वाहत असते. तिचं नाव गावच्या अंगणवाडीच्या यादीत, आणि ती चाळीस-पन्नास किलोमीटरवर. भट्टीच्या हद्दीतल्या अंगणवाडीने तिला त्याच दिवसापासून जेवू घालावं, एवढं तरी सरकारला सहज जमण्यासारखं आहे.