तिकिटांवरील क्रीडांगण

टपालाचें तिकीट म्हणजे बोटाच्या पेराएवढा कागद. परंतु राज्यकर्त्याची मुद्रा जेथें उमटते तेथें त्याचें मनोगतही उमटतें. जानेवारी १९६२ मध्यें पोर्तुगालनें आफ्रिकेंतील आंगोलासाठीं सहा तिकिटें काढलीं. विमानोड्डाण, नौका वल्हविणें, पाण्यांतील पोलो, हातोडाफेक, उंच उडी आणि वजन उचलणें हे खेळ त्यांवर चितारले होते. मोझांबिक, मकाव, तिमोर यांसाठींही त्या वर्षीं अशाच क्रीडामालिका निघाल्या.

खेळाच्या चित्रांत राजकारण तें कसलें, असें कोणी विचारील. त्यानें तारखांकडे पाहावें. १९५१ सालीं पोर्तुगालनें राज्यघटनेंतून ‘वसाहत’ हा शब्दच पुसला आणि त्या जागीं ‘सागरापलीकडील प्रांत’ हें नांव घातलें. वसाहतीच उरल्या नाहींत, तर संयुक्त राष्ट्रांना जाब कशाचा द्यावयाचा, असा सालाझार सरकारचा युक्तिवाद होता. परंतु जानेवारी १९६१ मध्यें आंगोलांतील शेतकरी सक्तीच्या कापूसलागवडीविरुद्ध उठले. फेब्रुवारींत लुआंडा येथील तुरुंगावर हल्ला झाला. मार्चमध्यें उत्तरेंत बंड पेटलें. त्या युद्धास वर्ष होत आलें असतां हीं तिकिटें पत्रांवर बसून जगभर हिंडूं लागलीं. त्यांवर बंदूक नाहीं, कापसाचें शेत नाहीं; आहे तो निरोगी देहांचा आणि निवांत दुपारचा देखावा. विमान उडविणें हा कापूस वेचणाऱ्याचा खेळ नव्हे, हें छापविणारांस ठाऊक नसेल असें मला वाटत नाहीं. शिवाय जाहिरात पाहणारानेंच तिचे पैसे द्यावे, अशी सोय तिकिटावांचून दुसरीकडे क्वचितच सांपडेल! देशोदेशींच्या संग्राहकांनीं तीं हौसेनें विकत घेतलीं.

या योजनेंत आपल्या शेजारच्या गोमंतकाचाही वांटा होता. ‘पोर्तुगीज हिंद’साठीं अशींच क्रीडातिकिटें तयार करण्यांत आलीं होतीं. पण १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा, दमण व दीव येथील पोर्तुगीज सत्ता संपली आणि पणजीच्या टपालकचेरींत तीं कधींच विक्रीस आलीं नाहींत. तीं लावून एकाही गोमंतकीयानें आपल्या घरीं खुशाली कळविली नाहीं. संग्राहकांच्या वह्यांत तीं अद्याप आढळतात: खेळाडू आपल्या जागीं आहेत, किंमत छापलेली आहे, गोव्याच्या टपालाचा शिक्का मात्र त्यांवर नाहीं.