पहिल्या महायुद्धाची अखेर : ११ नोव्हेंबर १९१८ या तारखेची मर्यादा

पहिल्या महायुद्धाचा इतिहास शिकविताना २८ जून १९१४ चे साराजेव्हो येथील हत्याकांड आणि ११ नोव्हेंबर १९१८ ची शस्त्रसंधी या दोन टोकांमध्ये सारा घटनाक्रम बसविण्याचा प्रघात आहे. पश्चिम आघाडीपुरता तो गैर नाही. मात्र युद्धाची झळ सोसलेल्या सामान्य नागरिकांच्या बाजूने पाहिल्यास अखेरची तारीख डळमळू लागते. सागरी मार्ग आणि साम्राज्यांची सत्ता यांच्या द्वारे युद्ध जगभर पसरले आणि शस्त्रसंधीनंतरही त्याच वाटांनी ते नागरिकांपर्यंत पोहोचत राहिले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऑस्ट्रियाने २८ जुलै १९१४ रोजी सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि आठवडाभरात रशिया, जर्मनी, फ्रान्स व ब्रिटन त्यात ओढले गेले. इथवर हे युद्ध युरोपीय होते. ब्रिटनबरोबर हिंदुस्थानही आपोआप युद्धात सामील ठरला; येथील लोकांची संमती घेण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. ऑगस्टमध्येच ब्रिटिश फौजा पश्चिम आफ्रिकेतील टोगोलँडमध्ये शिरल्या, त्या मुख्यतः कामिना येथील जर्मन बिनतारी संदेशकेंद्रासाठी. जपानने नोव्हेंबरात चीनच्या किनाऱ्यावरील त्सिंगताओ हे जर्मन ठाणे घेतले. त्याआधी २२ सप्टेंबरच्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरातील तेलाच्या टाक्या पेटविल्या होत्या. ब्रिटनने ५ नोव्हेंबरला तुर्कस्तानविरुद्ध युद्ध जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी पूना डिव्हिजनच्या तुकड्या इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओ येथे उतरल्या. त्या बहरीनजवळ आधीच आणून ठेवण्यात आल्या होत्या, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

या विस्ताराची किंमत रणांगणापासून दूर असलेल्यांनी कशी मोजली, याचे एक उदाहरण माउंट लेबनॉनचे आहे. तेथील डोंगराळ भागात तुतीची लागवड करून रेशीम फ्रान्सला विकावे आणि त्या पैशावर बेका व हौरान येथील धान्य विकत घ्यावे, असे अर्थकारण रुजले होते. युद्ध सुरू होताच रेशमाची बाजारपेठ तुटली. दोस्त राष्ट्रांच्या नौदलाने किनाऱ्याची नाकेबंदी केली, १९१५ मध्ये टोळधाडीने पिके फस्त केली, तुर्की लष्कराने धान्य व जनावरे ताब्यात घेतली आणि व्यापाऱ्यांनी साठेबाजी केली. १९१८ पर्यंत तेथील निदान एकतृतीयांश लोक भूक व रोगराईने मेल्याचे मानले जाते. या दुष्काळाचा दोष एकट्या जमाल पाशावर टाकणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. नाकेबंदी करणारेही त्यात वाटेकरी होते.

हेच शस्त्र जर्मनीविरुद्ध अधिक काळ चालले. १९१६ च्या पावसाळी हंगामात बटाट्याचे पीक बुडाले आणि त्या हिवाळ्यात शहरी कुटुंबांना गुरांना घालण्याच्या सलगमांवर दिवस काढावे लागले. शस्त्रसंधीच्या २६ व्या कलमाने नाकेबंदी कायम ठेवली. मार्च १९१९ मधील ब्रुसेल्स करारानंतर अन्नधान्य येऊ लागले, तरी ती पूर्णपणे उठली ती व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्यानंतर, १२ जुलै १९१९ रोजी. तिच्यामुळे सुमारे साडेसात लाख नागरिक मेले, असा दावा जर्मन सरकारने केला होता. नंतरच्या अभ्यासात हा आकडा सव्वाचार लाखांच्या आसपास आला. कमी केलेला आकडाही लहान नाही.

पूर्व आफ्रिकेत तर खुद्द लढाईच थांबली नव्हती. फॉन लेटो-फोरबेक यांची जर्मन फौज अ‍ॅबरकॉर्न येथे शरण आली ती २५ नोव्हेंबरला. त्या मोहिमेत रस्ते व रेल्वे नसलेल्या मुलखातून दारूगोळा माणसांच्या डोक्यावरून वाहिला गेला. ब्रिटिशांच्या बाजूने राबलेल्या आफ्रिकी हमालांपैकी मेलेल्यांची संख्या एक लाखाच्या घरात असावी, असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य रोगाने व उपासमारीने गेले.

कायद्याच्या भाषेतही युद्ध लांबले. ब्रिटिश साम्राज्यापुरते जर्मनीशी असलेले युद्ध १० जानेवारी १९२० रोजी आणि तुर्कस्तानशी असलेले ६ ऑगस्ट १९२४ रोजी संपल्याचे ठरविण्यात आले. हिंदुस्थानात या प्रश्नाला वेगळीच धार होती. १९१५ चा भारत संरक्षण कायदा युद्धकाळापुरता व त्यानंतर सहा महिने लागू राहावयाचा होता. त्याची मुदत सरल्यावर विनाचौकशी अटकेचे अधिकार हातचे जाऊ नयेत म्हणून सरकारने मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा संमत केला. शांततेच्या काळात युद्धकालीन अधिकार हवेत, हीच त्यामागील भूमिका होती.

त्याच काळात मुंबई इलाखा दुसऱ्या संकटातून जात होता. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस तापाने रुग्णालयात दाखल झाले. मराठी मुलखात पुढे ‘मानमोडी’ म्हणून ओळखली गेलेली इन्फ्लुएंझाची साथ ती हीच. सप्टेंबरातील दुसरी लाट अधिक घातक निघाली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रोग युद्धाने निर्माण केला नाही, हे मान्य करावे लागते. परंतु सैन्याच्या वाहतुकीने त्याला गती दिली, अनेक डॉक्टर लष्करी सेवेत गुंतले होते आणि पाऊस दगा दिल्याने धान्य महागले होते. लोहमार्गांनी आत शिरलेली साथ उत्तरेकडे व पूर्वेकडे शस्त्रसंधीनंतरही बळी घेत राहिली.

या युद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मृत्यू पावले. साथीचे बळी सरकारी अंदाजानुसारच सव्वा कोटींच्या आसपास होते. आजच्या भारताच्या सीमा धरल्या, तर १९११ मधील सुमारे २५ कोटी २१ लाख लोकसंख्या १९२१ च्या जनगणनेत २५ कोटी १३ लाखांवर आली. जनगणनेच्या नोंदींत देशाची लोकसंख्या घटलेले हे एकमेव दशक आहे.