महाभारताची चिकित्सक आवृत्ती : संपादनकार्याचे हस्तांतर आणि समाप्ती

एका पिढीत न संपणारे विद्याकार्य मूळ कार्यकर्ता गेल्यावर कशाच्या बळावर तडीस जाते, हा संस्थांच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे बोलके उदाहरण आहे. १९१९ मध्ये आरंभिलेले हे कार्य १९६६ मध्ये समाप्त झाले आणि त्या अवधीत त्याची सूत्रे चार प्रमुख संपादकांच्या हाती गेली.

अशा आवृत्तीची आवश्यकता विंटरनिट्झ यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत प्रतिपादिली होती. परंतु युरोपातील विद्वत्संस्थांचा तो उद्योग पहिल्या महायुद्धाने खुंटला. पुण्यास १९१८ मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी द्रव्यसाहाय्याचे आश्वासन दिले आणि पुढील वर्षी कामास प्रारंभ झाला. पहिले संपादक ना. बा. उत्गीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढून ती विद्वानांकडे अभिप्रायार्थ धाडली. मुख्य ग्रंथ हाती घेण्यापूर्वी पद्धतीचीच परीक्षा करून घेण्याचा हा विवेक पुढे फार उपयोगी पडला.

१९२५ मध्ये वि. सी. सुखटणकर यांनी सूत्रे स्वीकारली. केंब्रिज येथे गणिताचे आणि बर्लिन येथे ल्यूडर्स यांच्यापाशी भाषाशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतले होते. त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न असा होता, की नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून खाली पाठभेद द्यावेत, की पोथ्यांच्या परंपरा ताडून संहिता नव्याने सिद्ध करावी? सिल्व्हाँ लेव्ही यांच्यासारख्या थोर पंडिताचा कल पहिल्या मार्गाकडे होता. सुखटणकरांनी दुसरा मार्ग पत्करला आणि आदिपर्वाच्या १९३३ मधील विस्तृत प्रस्तावनेत त्याची कारणे व नियम सविस्तर नोंदविले. गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची लोकप्रिय कथा त्यांनी संहितेतून काढली. पण ती नष्ट न करता परिशिष्टात ठेवली. त्यामुळे निर्णय अमान्य असणाऱ्यासही त्याची छाननी करण्याचे साधन त्याच ग्रंथात मिळते.

या पारदर्शकतेची कसोटी लवकरच लागली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळातील एक प्राचीन पोथी उपलब्ध झाली. तिचे पाठ सुखटणकरांनी ताडून पाहिले, तेव्हा पूर्वीच्या निर्णयांना बहुतांशी पुष्टीच मिळाली. हे विवेचन त्यांनी स्वतंत्र लेखात प्रसिद्ध केले. छापलेले पर्व पुन्हा उकलले नाही. नवा पुरावा मिळताच पूर्ण झालेला भाग मोडावयाचा ठरविले असते, तर अठरा पर्वे कधीच संपली नसती.

२१ जानेवारी १९४३ रोजी सुखटणकर निधन पावले. त्या वेळी आदि, आरण्यक, विराट व उद्योग ही पर्वे प्रसिद्ध झाली होती. विराटपर्व रघुवीर यांनी, तर उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी संपादिले होते. म्हणजे पद्धती त्यांच्या हयातीतच इतरांच्या हाती पडताळली गेली होती. त्यानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि १९६१ पासून प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली. एजर्टन, वेलणकर, दांडेकर, करमरकर आदी संपादकांनी आपापली पर्वे सिद्ध केली. प्रत्येकाची विवेकबुद्धी निराळी असली, तरी नियम सर्वांस समान होते. उत्तराधिकाऱ्यांना सुखटणकरांची प्रतिभा मिळाली नाही. त्यांची लेखी शिस्त मात्र मिळाली, आणि कार्यसिद्धीस तीच पुरेशी ठरली.

२२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी कार्य पूर्ण झाल्याची घोषणा केली. तथापि खिलभाग असलेल्या हरिवंशाची आवृत्ती वैद्यांच्या संपादनाखाली त्यानंतरच बाहेर पडली. अठरा पर्वांची मर्यादा आखलेली असल्यामुळे उरलेले काम समाप्तीच्या आड आले नाही. सिद्ध झालेली संहिता अंतिम सत्य नव्हे, हे तिच्या संपादकांनी कधी लपविले नाही. पुढील अभ्यासकाला तिच्याशी साधार मतभेद व्यक्त करता येतो, यातच या हस्तांतराचे खरे यश आहे.