तुरुंगातील माणूस आणि घरची माणसे

न्यायाधीश शिक्षा सांगतो ती एका मनुष्यास. परंतु ती भोगावी लागते साऱ्या घरास. कैद्याचा दिवस तुरुंगाची घंटा ठरवून देते. घरच्या माणसांचा दिवस मात्र कोणी ठरवून देत नाही. तुरुंगात गेलेला माणूस कसा आहे, त्यास काय लागते, त्याच्यापर्यंत आपला शब्द कोणत्या वाटेने पोहोचेल, याचा शोध त्यांस स्वतःच घ्यावा लागतो. स्वातंत्र्याच्या चळवळीचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. त्यात तुरुंगात गेलेल्यांची नावे आहेत, शिक्षांची वर्षे आहेत. ज्यांनी पत्राची वाट पाहिली आणि भेटीसाठी कोसच्या कोस प्रवास केला, त्यांचा वृत्तान्त त्या मानाने थोडाच आढळतो. भंडारा जिल्ह्यासारख्या एका बाजूच्या मुलखाकडे पाहिले म्हणजे हा वृत्तान्त किती मोठा असला पाहिजे याची कल्पना येते.

प्रथम कायदा काय म्हणत होता ते पाहणे इष्ट आहे. हिंदुस्थानातील तुरुंगांचा मूळ कायदा १८९४ सालचा. खटला चालू असलेल्या, म्हणजे गुन्हा अद्याप शाबीत न झालेल्या कैद्यास आप्तेष्टांस भेटता यावे, अशी तरतूद त्या कायद्यातच होती. इतकेच नव्हे, तर घरून आलेले अन्न, कपडे व अंथरूण त्यास घेता येई. शिक्षा झाली की हे सारे पालटे. घरचा डबा बंद, घरचे कपडे बंद. आणि भेट व पत्र या गोष्टी त्या त्या प्रांताच्या तुरुंग-नियमांवर जात. निकाल लागण्यापूर्वी घरच्या बाईस डब्यातून का होईना, आपली माया आत पोहोचविता येत असे. निकालानंतर तिच्या हाती उरे ते केवळ पत्र, आणि तेही अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाणारे.

या निर्बंधांत आप्तसंबंध कसा टिकविला जातो, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रास लोकमान्य टिळकांच्या घरी पाहावयास मिळाले. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईस त्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी त्यांस ब्रह्मदेशातील मंडाले येथील तुरुंगात नेण्यात आले. पुणे आणि मंडाले यांच्यामध्ये समुद्र होता. पुण्याच्या घराचा कारभार त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस पाहत. टिळकांची जी पत्रे येत, त्यांत घरची प्रकृती, मुलांचे शिक्षण आणि हव्या असलेल्या ग्रंथांची मागणी, असे विषय असत. राजकारण लिहिण्यास मुभा नव्हती. उरला तो संसार. परंतु या संसाराच्या पत्रव्यवहारानेच मंडालेच्या खोलीत ग्रंथांचा संग्रह जमला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात तेथे पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून झाले. मागितलेले पुस्तक शोधून, बांधून, वेळेवर रवाना करणारा घरचा माणूस नसता, तर त्या ग्रंथास लागणारी सामग्री तेथे कोठून येती?

याच काळात या घरावर मोठा आघात झाला. ७ जून १९१२ रोजी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. ती वार्ता टिळकांस तारेने कळली. त्यानंतर त्यांनी घरी जे लिहिले, त्याचा आशय असा की, या वेळी आपणांस तिच्याजवळ असता आले नाही याचे दुःख सर्वांत अधिक आहे. आणि मुलांनी शोकात आपला अभ्यास मात्र सोडू नये. दोन वर्षांनी, जून १९१४ मध्ये, ते सुटून पुण्यास आले, तेव्हा दाराशी त्यांची वाट पाहणारे ते माणूस नव्हते.

सावरकर कुटुंबाची कथा याहूनही कठोर आहे. बाबाराव सावरकरांस १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे विनायकरावही १९११ मध्ये अंदमानास गेले. तेथे वर्षाकाठी एक पत्र, असा नियम होता. वर्षातून एकदाच लिहावयाचे म्हटले म्हणजे काय लिहावे आणि काय गाळावे? विनायकरावांनी धाकटे बंधू नारायणराव यांस पाठविलेल्या पत्रांत घरातील एकेका माणसाची नाव घेऊन विचारपूस आहे. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी यांनी नाशिकास दहा वर्षे पतीच्या भेटीची वाट पाहिली. १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई हे अंदमानास जाऊन भेट घेऊन आले. ज्या भेटीसाठी येसूवहिनींनी दहा वर्षे काढली, त्या भेटीस त्या नव्हत्या.

ही घरे सुशिक्षितांची. त्यांस पत्र लिहिता येत होते, अर्ज करता येत होते, वकील ठाऊक होते. भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी हे काहीच नव्हते. १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडात जंगल-सत्याग्रह झाला आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा उठाव झाला. त्या ऑगस्टात तुमसर येथे जमावावर गोळीबार होऊन माणसे बळी पडली आणि जिल्ह्यातून धरपकड झाली. या दोन्ही चळवळी ऐन पावसाळ्यात आल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वैनगंगेच्या काठचा हा प्रदेश तळ्यांचा आणि धानाचा. आषाढ-श्रावणात बांधीत चिखल करावयाचा, पऱ्हे उपटावयाचे आणि रोवणी करावयाची. ही वेळ चुकली की वर्ष चुकले. रोवणी बायांच्याच हातची. परंतु नांगर धरणारा गडी जर नेमका त्याच महिन्यात आत गेला, तर घरावर केवढे संकट येत असेल! अशा वेळी शेजाऱ्याने दिलेली बैलजोडी आणि एक दिवसाची नांगरणी, हेच तुरुंगातील माणसास मिळालेले सर्वांत मोठे साह्य होय. घरची बांधी पडीक राहिली नाही, एवढे कळले तरी त्यास रात्री झोप लागावी.

भेटीचा मार्गही सोपा नव्हता. जिल्ह्याच्या तुरुंगात खटल्याचे व थोड्या मुदतीचे कैदी राहत. लांब मुदतीची शिक्षा झाली की मध्यवर्ती तुरुंगात रवानगी होई. नागपूर भंडाऱ्याहून चाळीस मैलांच्या आत; तेथे जाणे निदान एका दिवसाचे काम होते. परंतु जबलपूरास जावयाचे तर गोंदियाहून नैनपूरमार्गे जाणारी अरुंद मापाची लहान गाडी धरावी लागे. सातपुड्याच्या जंगलातून जाणारा तो सुमारे १४० मैलांचा प्रवास होता. त्या मार्गावर आज रुंद मापाची गाडी धावते. तुकडोजी महाराजांस १९४२ मध्ये अटक झाली, तेव्हा त्यांस नागपूर व रायपूर येथे ठेवण्यात आले. विनोबांसारख्यांस तर मद्रास इलाख्यातील वेल्लोर येथे आणि पुढे सिवनीस नेण्यात आले. माणूस एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलविला की घरच्यांनी मोठ्या कष्टाने जुळविलेला धागा तुटे, आणि तो पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागे.

यात आणखी एक विषमता होती. १९२९ च्या सप्टेंबरात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर जतींद्रनाथ दास यांचा लाहोरच्या तुरुंगात अंत झाला. त्यामुळे उठलेल्या क्षोभानंतर कैद्यांचे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे वर्ग पाडण्यात आले. शिक्षण, सामाजिक दर्जा व राहणी पाहून वर्ग मिळे, आणि वर्गाप्रमाणे पत्रे व भेटी कमी-अधिक होत. सामान्य शेतकरी वा मजूर ‘क’ वर्गात जाई. म्हणजे ज्याच्या घरी लिहिता-वाचता येणारा कोणी नाही, ज्याच्या बायकोस गाडीभाडे जमविणे कठीण, त्यासच पत्रे व भेटीही सर्वांत थोड्या! आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावयाचे आणि उत्तरही दुसऱ्याकडूनच लिहून घ्यावयाचे. नवराबायकोचे जे दोन शब्द, ते तुरुंगाच्या अधिकाऱ्याने वाचावयाचे आणि गावच्या मास्तराने लिहावयाचे, अशी ती गोष्ट होती.

तथापि घरच्या लोकांचे काम केवळ वाट पाहण्याचेच असते असे नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी भंडाऱ्याच्या शेजारील चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जो उठाव झाला, त्याच्या खटल्यांत अनेकांस फाशीची शिक्षा झाली. ती टळावी म्हणून जी खटपट झाली, तीत नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी पुढाकार घेतला. सह्या, अर्ज, वकील, वर्गणी, वर्तमानपत्रांतील लेख, असे नाना मार्ग चोखाळले गेले. अखेर १९४५ मध्ये शिल्लक राहिलेल्या फाशीच्या शिक्षा रद्द होऊन त्यांच्या जागी जन्मठेप आली, आणि पुढे कैदी सुटले. नातेवाइकांच्या एकट्या अश्रूंनी जे झाले नसते, ते साऱ्या प्रांताने त्या नातेवाइकांचे दुःख आपले मानल्याने झाले.

राजबंद्यांस समाजाचा मान होता. त्यांच्या घरी शेजारी येऊन बसत. चोरी वा मारामारीच्या गुन्ह्यात गेलेल्याच्या घरी मात्र शेजारी येत नाही आणि सोयरीक मोडते. पण घराची गरज दोन्हीकडे एकच असते. आज नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातील कैद्याशी त्याच्या घरच्यांस दूरध्वनीवर बोलता येते, आगाऊ नोंदणी करून पडद्यावरूनही भेट घेता येते. कैद्यास थोडे पैसे पाठविता येतात, आणि संचित व अभिवचन रजेचे नियम १९५९ पासून आहेत. महाराष्ट्राच्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रमही झाला. त्यात मुलांस जाळीच्या आड उभे न करता बापाच्या वा आईच्या कुशीत जाऊ देण्यात आले. अंदमानच्या वार्षिक पत्रापासून या गळाभेटीपर्यंतचा पल्ला लहान नव्हे.

साधने पालटली तरी पत्रातील मजकूर फारसा पालटलेला नाही. मंडालेस काय, अंदमानास काय, कैद्याने विचारले ते हेच: प्रकृती कशी आहे, मुलांचा अभ्यास चालला आहे ना? घराने त्यास घरातील माणूस म्हणून विचारीत राहावे, मुलीच्या शाळेविषयी, गाईच्या व्यायण्याविषयी, या वर्षीच्या धानाविषयी त्यास सांगत राहावे, म्हणजे सुटून येणाऱ्यास आपल्या दारात परक्यासारखे उभे राहावे लागत नाही. सुटकेचा दिवस सरकार ठरविते. परंतु त्या दिवशी तो माणूस कोठे जाईल, हे त्याच्या आधीच्या सर्व वर्षांत घराने ठरविलेले असते.