रुग्णाच्या हातातील सुई

१/
ऑगस्ट १९२२. कॅनडातील टोरांटो शहरात एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी उपचारांसाठी आली. पंधरावा वाढदिवस अगदी तोंडावर आलेला आणि वजन अवघे ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो. वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. परंतु मधुमेहापुढे त्यांचे पद निरुपयोगी होते. तीन वर्षे तिला केवळ अर्धपोटी ठेवून जगवले गेले होते, कारण त्याहून दुसरा उपाय वैद्यकापाशी नव्हता.

२/
टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग यांनी तिला इन्सुलिन देण्यास आरंभ केला. काही काळातच ती स्वतःची सुई स्वतः टोचून घेऊ लागली. १९८१ मध्ये तिचा मृत्यू झाला, तोवर तिने सुमारे ४२,००० इंजेक्शने घेतली होती. रोजची साधारण दोन, अठ्ठावन्न वर्षे.

एका रुग्णाने एक अवजार इतक्या वेळा हाती धरले. आश्चर्य असे की ते अवजार मुळात रुग्णाच्या हातासाठी घडवलेलेच नव्हते.

३/
पोकळ सुईतून त्वचेखाली औषध देण्याचा पहिला ज्ञात प्रयोग डब्लिनचे शल्यवैद्य फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ मध्ये केला. चेहऱ्याच्या असह्य शूळाने त्रस्त झालेल्या एका स्त्रीला त्यांनी मॉर्फीन दिले. मात्र त्यांच्या उपकरणात दट्ट्या नव्हता. औषध केवळ स्वतःच्या भाराने आत उतरत असे. होळीच्या पिचकारीत जो भाग मुलांनाही ठाऊक असतो, तोच येथे नव्हता.

४/
१८५३ या एकाच वर्षी दोन ठिकाणी दोन पिचकाऱ्या पुढे आल्या.

फ्रान्समधील लियाँ येथे शार्ल प्रावाझ यांनी चांदीची लहानशी सिरिंज करवून घेतली. तिचा दट्ट्या दाबायचा नव्हता. तो स्क्रूसारखा फिरवायचा होता. किती आटे फिरवले यावरून किती द्रव आत गेला हे कळे. प्राण्यांच्या रक्तवाहिनीत लोहक्षार सोडून रक्त गोठवण्याचे त्यांचे प्रयोग होते; वेदनाशमनाशी त्यांचा संबंध नव्हता. त्याच वर्षी प्रावाझ वारले. त्यांचा हा स्क्रू लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

५/
दुसरी सिरिंज एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांची. ती लंडनच्या फर्ग्युसन या कारागिराने बनवली होती, तीही जन्मखुणांवर लोहक्षार टोचण्यासाठी. वुड यांनी तिच्यातून मॉर्फीन दिले आणि ते शेरी या मद्यात मिसळून दिले! कडक मद्यार्काने जळजळ होईल आणि पाण्याने अवजार गंजेल, असा त्यांचा विचार होता. १८५५ मध्ये त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे त्यांच्या सिरिंजला अधिक बारीक सुई आली आणि काचेच्या नळीवर मापाच्या खुणा आल्या.

६/
या खुणा वाचणार कोण? अर्थात डॉक्टर. हे गृहीत इतके स्वाभाविक होते की कोणी ते लिहूनही ठेवले नाही.

७/
पण शूळ डॉक्टरांच्या सोयीने उठत नाही. दिवसातून तीनदा उठणाऱ्या वेदनेसाठी डॉक्टर तीनदा येऊ शकत नव्हते. मग सिरिंज घरीच ठेवली जाऊ लागली. आधी नातेवाइकांच्या हाती, मग रुग्णाच्या. त्या काळी अनेक डॉक्टरांची अशी समजूत होती की अफूची चटक पोटातून लागते, तेव्हा पोट टाळून त्वचेखाली दिलेले मॉर्फीन निर्धोक असणार.

८/
ही समजूत किती महागात पडली हे कळायला दोन दशकेही लागली नाहीत. १८७० मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर क्लिफर्ड ऑल्बट यांनी इशारा दिला की आपले काही रुग्ण बरे होत नाहीत, ते केवळ पुढच्या इंजेक्शनची वाट पाहतात. १८७७ मध्ये बर्लिनच्या एडुआर्ड लेव्हिनश्टाइन यांनी मॉर्फीनच्या व्यसनावर आख्खा ग्रंथ लिहिला. १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरीत शेरलॉक होम्स कातडी पेटीतून सिरिंज काढून सात टक्क्यांचे कोकेन टोचून घेतो, तेव्हा वाचकांना हे दृश्य अपरिचित राहिलेले नव्हते.

९/
येथे एका लाडक्या दंतकथेचा निकाल लावून टाकू. वुड यांच्या पत्नीने पतीच्याच सिरिंजने मॉर्फीन टोचून घेतले आणि त्या जगातील पहिल्या बळी ठरल्या, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. वस्तुस्थिती अशी की वुड १८८४ मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नी त्यांच्यामागे दहा वर्षे जगल्या. कथा मात्र मरायला तयार नाही, कारण तिच्यात काव्यात्म न्याय आहे. इतिहासाला त्याची फारशी आवड नसते.

१०/
या अनुभवातून वैद्यकाने एक धडा घेतला होता: सुई रुग्णाच्या हाती देऊ नये. हा धडा इन्सुलिनने मोडला.

११/
११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क अशुद्ध होता, गुण फारसा आला नाही. जेम्स कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला, तेव्हा रक्तातील साखर खऱ्या अर्थाने उतरली. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल मिळाले, आणि औषध बाजारात आले.

१२/
पण इन्सुलिन तोंडावाटे घेता येत नाही. ते प्रथिन असल्याने पोटात पचून जाते. त्याचा प्रभाव काही तासांतच ओसरे. म्हणजे जेवणाआधी, रोज, आयुष्यभर सुई. इतक्या सुया टोचायला जगातील सर्व डॉक्टर पुरले नसते. म्हणून शाळकरी मुले, त्यांच्या आया, शेतकरी, कारकून यांना एका आठवड्यात ती विद्या शिकावी लागली, जी तोवर पदवीधरांची होती.

१३/
आणि अवजार कसे? काचेची नळी, काचेचा दट्ट्या, पोलादी सुई. वापराआधी पातेल्यात उकळायची. काच तडकू नये म्हणून गार पाण्यात ठेवून हळूहळू तापवायची. सुई बोथट झाली की बारीक दगडावर घासून धार लावायची. टोकाला कंगोरा राहिला आहे का हे कापसावरून फिरवून पाहायचे. धागा अडकला तर पुन्हा घासायचे. प्रवासात सिरिंज स्पिरिट भरलेल्या डबीत ठेवायची. हे सारे सकाळच्या न्याहारीआधी.

१४/
तरीही खरा धोका सुईच्या टोकाला नव्हता. तो नळीवरच्या रेघांत होता, आणि या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगा भाग हाच आहे.

१५/
प्रारंभी इन्सुलिन शुद्ध रूपात मिळत नसल्याने ते वजनाने मोजता येत नव्हते. म्हणून त्याची शक्ती उपाशी सशावर तपासून ‘युनिट’ हे माप ठरवले गेले. सिरिंजवरील खुणा मात्र द्रवाच्या आकारमानाच्या. डॉक्टर युनिटमध्ये सांगणार, नळी मिलिलिटरमध्ये दाखवणार आणि मधला हिशेब रुग्ण करणार. अमेरिकेत बेक्टन डिकिन्सन या कंपनीने १९२४ च्या सुमारास खास इन्सुलिनसाठी सिरिंज काढली, ती याच अडचणीतून.

१६/
ब्रिटनमधील प्रमाणित इन्सुलिन सिरिंजवर एका मिलिलिटरला २० रेघा होत्या. सुरुवातीचे इन्सुलिन मिलिलिटरला २० युनिट या शक्तीचे असल्याने एक रेघ म्हणजे एक युनिट. सोपे! पण पुढे ४० आणि ८० युनिट शक्तीची इन्सुलिने आली आणि नळी तीच राहिली. आता एक रेघ म्हणजे कधी एक, कधी दोन, तर कधी चार युनिट.

१७/
याचा अर्थ नीट पाहावा. एखादी रुग्ण नव्या डॉक्टरला म्हणते, “मी दहा घेते.” दहा काय? दहा युनिट की दहा रेघा? ८० शक्तीच्या कुपीतून दहा रेघा म्हणजे ४० युनिट. डॉक्टरने त्या दहाला युनिट समजून तेवढेच लिहून दिले, तर रुग्णाला गरजेच्या चौथाई औषध मिळणार. उलट, डॉक्टरने दहा युनिट सांगितले आणि रुग्णाने दहा रेघा भरल्या, तर चौपट. आणि चौपट इन्सुलिनने साखर इतकी उतरू शकते की शुद्ध हरपते, प्राणही जाऊ शकतो.

१८/
अमेरिकेत वेगळी युक्ती झाली. एकाच नळीवर दोन मोजपट्ट्या, ४० साठी लाल आणि ८० साठी हिरवी. कागदावर ही सोय सुंदर दिसते. पहाटेच्या अंधुक उजेडात, साखर उतरून हात थरथरत असताना, चुकीची बाजू वाचली की मात्रा दुप्पट किंवा निम्मी.

त्यात मधुमेहाचा एक क्रूर गुणधर्म असा की तो दृष्टीवरच घाला घालतो. ज्याला रेघा वाचणे सर्वाधिक आवश्यक, त्यालाच त्या दिसेनाशा होत. ब्रिटनमध्ये अशांसाठी दट्ट्याला खाचा असलेली सिरिंज निघाली. दर टप्प्याला ‘टक्’ असा आवाज होई आणि रुग्ण कानांनी मात्रा मोजे. साऱ्या प्रवासातील हा सर्वांत सुज्ञ विचार म्हणता येईल, आणि तो सर्वांत कमी प्रसिद्ध आहे.

१९/
कारागिरांचे लक्ष बहुधा दुसरीकडे होते: सुईच्या भीतीकडे. स्प्रिंगच्या जोरावर सुई झटक्यात आत ढकलणारी यंत्रे आली. पामर कंपनीचे इंजेक्टर तर हुबेहूब पिस्तुलासारखे होते. भिणाऱ्या माणसाच्या हाती पिस्तूल देऊन त्याने ते स्वतःच्याच मांडीवर रोखावे, ही कल्पना कोणाला धीर देणारी वाटली असेल ती असो.

२०/
दुसऱ्या महायुद्धात याच प्रश्नाला अगदी उलट उत्तर मिळाले. अमेरिकी सैन्यातील ‘सिरेट’ म्हणजे टूथपेस्टच्या चिमुकल्या नळीसारखी धातूची नळी. टोकाला सुई, आत मॉर्फीनची एकच ठरलेली मात्रा. रेघा नाहीत, दट्ट्या नाही. टोचायचे आणि पिळायचे. वापरलेली नळी जखमी सैनिकाच्या कॉलरला टाचून ठेवत, म्हणजे पुढच्या माणसाने अजाणता दुसरी मात्रा देऊ नये. मोजण्याचे कामच वापरणाऱ्याकडून काढून घेतले होते. पण रोज बदलती मात्रा लागणाऱ्या मधुमेही माणसाला हे उत्तर चालणारे नव्हते.

२१/
१९६० च्या दशकात एकदाच वापरून टाकण्याच्या प्लॅस्टिकच्या सिरिंज पसरल्या आणि उकळण्याचे पातेले, धारेचा दगड हळूहळू स्वयंपाकघरांतून गेले. रेघांचा गोंधळ मात्र राहिला. अखेर १९७० च्या दशकात अमेरिकेने १०० युनिट ही एकच शक्ती स्वीकारायला आरंभ केला. ब्रिटनने १९८३ मध्ये तेच केले. इन्सुलिन आल्यानंतर साठ वर्षांनी तेथे एक रेघ पुन्हा एक युनिट झाली.

२२/
दरम्यान १९७५ मध्ये शीला रीथ या स्कॉटिश डॉक्टर आपल्या मधुमेही मुलीसह लंडनला आल्या होत्या. यूस्टन स्थानकावर इंजेक्शनची वेळ झाली आणि सुई, सिरिंज, कुपी असा सगळा पसारा त्यांना सार्वजनिक स्वच्छतागृहात मांडावा लागला. औषध आणि सिरिंज एकाच वस्तूत का नसावे, असा विचार त्यांच्या मनात आला. ग्लासगोतील जॉन आयर्लंड व जॉन पेटन यांच्यासह त्यांनी ‘पेनजेक्ट’ घडवले. १९८१ मध्ये खिशात मावणाऱ्या या सिरिंजची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये आली. १९८५ मध्ये डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीचे ‘नोव्होपेन’ बाजारात आले.

२३/
लक्षात घ्यावे, ही कल्पना रुग्णाच्या घरातून आली. सव्वाशेहून अधिक वर्षे सिरिंज सुधारत होते ते कारागीर आणि डॉक्टर. सुई रोज टोचून घेणाऱ्यांच्या अडचणी आरेखनात शिरायला एक आई लागली, जी योगायोगाने डॉक्टरही होती.

२४/
पुढच्या पेनांना मात्रा निवडण्यासाठी फिरवायची चकती आली. चकती फिरवा, आकडा पाहा, ‘टक्’ ऐका. प्रावाझ यांनी १८५३ मध्ये जे आटे फिरवून मोजले, तेच हे. आणि दृष्टिहीनांच्या सिरिंजमधला तो आवाजही येथे सर्वांच्या सोयीचा झाला.

२५/
भारतात मात्र रेघांची गोष्ट संपलेली नाही. येथे कुपीतील इन्सुलिन आजही बहुधा ४० शक्तीचे असते, पेनमधील १०० चे. ४० साठीच्या सिरिंजला लाल टोपण, १०० साठीच्या सिरिंजला केशरी. ४० च्या कुपीतून केशरी टोपणाच्या सिरिंजने २० रेघा भरल्या तर शरीरात ८ युनिट जातात. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० रेघा भरले तर ५०. म्हणून औषधाच्या दुकानात सिरिंज मागताना घरातल्या कुपीवरचा आकडा आधी वाचावा लागतो.