पानशेतचा पूर आणि वाटून घेतलेला नकाशा

(१) १२ जुलै १९६१. आंबी नदीवरील पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे मुठेवरील खडकवासला धरणही टिकले नाही. पाणी पुण्यात शिरले आणि नारायण पेठ, शनिवार पेठ, तसेच सदाशिव पेठेचा नदीकडचा भाग त्याच्या तडाख्यात सापडला.

(२) पुराला पेठांच्या सीमा ठाऊक नसतात. त्याला केवळ उंचसखलपणा कळतो. एकाच पेठेतील एक वाडा बुडतो आणि चढावरचा दुसरा कोरडा राहतो. कोणत्या गल्लीत पाणी किती चढेल, हे आधी सांगणारा नकाशा त्या दिवशी पुणेकरांच्या हाती नव्हता.

(३) असा नकाशा पुढे भौगोलिक माहिती प्रणालीने, म्हणजेच जीआयएसने, शक्य केला. उंची, नदीपात्र, रस्ते, वस्ती यांचे थर एकावर एक रचायचे, भूमीचे लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातील पाण्याचे गणित मांडायचे.

(४) चौकोनाची बाजू निम्मी केली, की चौकोन चौपट होतात. काळाचे टप्पेही साधारण दुप्पट घ्यावे लागतात. श्रम आठपट! अचूक उत्तर पाणी ओसरल्यावर मिळाले, तर त्याचा उपयोग काय?

(५) यावर उपाय एकच: काम वाटून घेणे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ घडवला. अनेक प्रोसेसर एकाच वेळी राबवणे, हे त्याचे तत्त्व. ग्रिड कॉम्प्युटिंगने तेच तत्त्व दूरदूरच्या शहरांतील संगणकांना लागू केले.

(६) सी-डॅकच्या ‘गरुड’ ग्रिडने पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था जोडल्या. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्रासह तिचा उपयोग पूरपाहणीसाठी करून पाहण्यात आला. विमानातील रडार ढगांआडून आणि रात्रीही भूमी टिपते. परंतु त्या कच्च्या नोंदींतून चित्र घडवण्यास प्रचंड गणित लागते. ते ग्रिडवर वाटता येते.

(७) मात्र नकाशाचे तुकडे पडतात, प्रवाहाचे नाही. एका तुकड्यातील पाणी क्षणात शेजारच्या तुकड्यात जाते, म्हणून संगणकांना सतत परस्परांना विचारावे लागते. त्यामुळे चित्रप्रक्रिया दूरच्या ग्रिडला मानवते. प्रवाहाच्या गणितास एकाच छताखालचा महासंगणक अधिक सोयीचा ठरतो.

(८) आज नदीकाठी २५ वर्षांच्या पुराची निळी आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा आखली जाते. संगणक कितीही वेगवान असला, तरी उंचीची नोंद चुकली तर रेषाही चुकते. आणि त्या रेषेच्या कोणत्या बाजूस घर उभे आहे, यावर माणसांचे जीवित अवलंबून असते.