सांडपाण्याचे स्थिरीकरण तलाव

लहान शहरांचे घरगुती सांडपाणी ऊन, शैवाल आणि जिवाणू यांच्या बळावर शुद्ध करणारे मातीच्या बांधांचे तलाव. ‘ऑक्सिडेशन पाँड’ या नावानेही ते ओळखले जातात. विजेचा खर्च नगण्य. जागा मात्र भरपूर लागते. भारतीय हवामानातील अशा तलावांचा अभ्यास नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेत (स्थापना १९५८) झाला.

पाणी सहसा तीन टप्प्यांतून जाते. पहिला तलाव २ ते ५ मीटर खोल. त्यात घन मल तळाशी बसून ऑक्सिजनविना कुजतो. दुसरा सुमारे दीड मीटर खोल. त्यात शैवाल उन्हात ऑक्सिजन सोडते, तो वापरून जिवाणू मल फोडतात आणि त्यांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर शैवाल वाढते. भर दुपारी पाण्याचा सामू ९ च्या वर जातो, तेव्हा मलातील जिवाणू झपाट्याने मरतात. पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. म्हणून केवळ दुपारच्या नमुन्यावर विसंबू नये. तिसऱ्या, उथळ तलावात उरलेले बहुतेक रोगजंतू नष्ट होतात.

यंत्रे नाहीत म्हणून हे तलाव आपोआप चालतात, हा समज घातक आहे. तोंडावरच्या जाळीत अडकलेल्या चिंध्या, प्लास्टिक रोज काढून पुरावे लागते. वाळूचा हौद वेळोवेळी रिकामा करावा लागतो. पाण्याच्या कडेचे गवत वाढू दिले की डास झालेच, म्हणून कडेला दगडी पिचिंग करतात. उंदीर-घुशींची बिळे तत्काळ बुजवावी लागतात. तवंगाबाबत मात्र नियम उलटसुलट आहेत: पहिल्या तलावावरचा जाड थर दुर्गंधी अडवतो, म्हणून तो राहू द्यावा आणि माश्या झाल्यास त्यावर पाणी फवारावे, दुसऱ्यावरचा तवंग ऊन अडवतो, म्हणून तो लगेच काढावा.

अनुभवी कामगार रंगावरून दुसऱ्या तलावाची प्रकृती ओळखतो. गडद हिरवा रंग चांगला. पाणी करडे-काळे होऊन वास सुटला, तर मलाचा भार झेपत नाही असे समजावे. गुलाबी-जांभळी छटा सल्फाइड वाढल्याची आणि गंधक-जिवाणू फोफावल्याची खूण. अशा वेळी काही पाणी अन्य तलावाकडे वळवतात किंवा शेवटच्या तलावातील हिरवे पाणी परत आणून सोडतात.

गाळ मोजण्याची रीत साधी आहे. पांढरे टॉवेलचे कापड गुंडाळलेली काठी तळापर्यंत सरळ उतरवून सावकाश वर काढतात. कापडावर जिथवर काळे कण चिकटतात, तितकी गाळाची जाडी. पहिला तलाव एक-तृतीयांश भरला की उपसा करावा लागतो. ही वेळ साधारण काही वर्षांनी येते. दुसऱ्यात दहा-वीस वर्षेही निभावते. उपशाच्या गाळात जंतांची अंडी दीर्घकाळ जिवंत राहतात, त्यामुळे तो ताजा भाजीपाल्याच्या शेतात टाकू नये. होडीतून मोजणी करताना किंवा सांडपाण्याच्या बंद कक्षात उतरताना माणूस एकटा असू नये; कक्षात साठलेला हायड्रोजन सल्फाइड जीव घेऊ शकतो.